सगळा दोष द्राक्षांचा

नाशिकात राहून वजन कमी करायला निघणं हाच मुळात अविचार. इथे रविवारी सकाळी मिसळ खाल्ली नाही तर शेजारचे तब्येतीची चौकशी करायला येतात. त्यातून आमच्या गंगापूर रोडच्या अंगाला मिसळीची ठिकाणं आणि वायनरी अशा काही लागून आहेत की सकाळी तर्री, पापड, वर जिलबी, आणि उन्हं उतरल्यावर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन, असा दिवसभराचा कार्यक्रम एकाच वाटेवर आटोपतो. गाडी आमचे अहो चालवतात. ते घेत नाहीत. ते फक्त मोजतात.

आमच्या लहानपणी द्राक्षं म्हणजे थॉमसन सीडलेस. ती खायची, उरली तर बेदाणे करायचे, एवढंच ज्ञान होतं. २००० साली सुला या इथल्याच वायनरीची पहिली वाईन बाजारात आली आणि बघता बघता गावाची जीभच पालटली. आता दिंडोरीकडच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेला पाहुणा मठ्ठा वाढून घेता घेता शिराझ नावाच्या वाईनच्या द्राक्षाच्या छाटणीवर बोलतो. मलाही गोडी लागली ती अशीच, गावाबरोबर. शनिवार-रविवारी रात्रीच्या जेवणाला एक ग्लास. नुसती प्यायला मला आवडत नाही. ताटात अळूवडी हवी, नाहीतर कोथिंबीरवडी, गेलाबाजार भरलं वांगं तरी.

मग गुडघ्यांनी तक्रार केली, डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितले आणि घरात चौकशी समिती बसली. समितीचा निकाल पहिल्याच बैठकीत लागला: वाईन. चार वाजताच्या चहाबरोबरची खारी, सत्यनारायणाचा शिरा, मे महिन्यातला आमरस आणि आमरसावरचं तूप, यांतल्या कुणाला साक्षीलासुद्धा बोलावलं नाही.

"ती बाटली बंद कर, आपोआप उतरेल," अहो म्हणाले. हे म्हणताना ते चौथ्या पुरणपोळीवर तूप सोडत होते. लग्नातला सफारी त्यांना अजून होतो. ही त्यांची कमाई नव्हे, वडिलांकडून आलेली मिळकत आहे. पण मिरवतात मात्र स्वकष्टार्जित म्हणून.

आता महाराष्ट्रात वजन उतरवायचं तर आधी पक्ष निवडावा लागतो. एकीकडे ऋजुता दिवेकर: थोडं थोडं खा, दर दोन तासांनी खा, तुपाला घाबरू नका. दुसरीकडे डॉक्टर जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधल्या वेळी पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या दोन नावांवरून घरंच्या घरं दुभंगलेली मी पाहिली आहेत. आमच्या भिशीत तर एका टेबलावर दोन पक्षांना बसवत नाहीत. माझा ओढा तुपामुळे दिवेकरांकडे. पण अहो बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना वेळ लावायला मिळणार म्हटल्यावर घर एकमताने दीक्षितांकडे गेलं.

पंचावन्न मिनिटं ऐकायला भरपूर वाटतात. वाईनला ती पुरत नाहीत. वायनरीत टेस्टिंगला गेलं की तो मुलगा शिकवतो: आधी ग्लास तिरका धरून रंग बघा, मग फिरवा, मग वास घ्या, पेरू येतोय का बघा, मग छोटा घोट, तो जिभेवर घोळवा. हे सगळं रीतसर करायचं तर माझी पहिली वडी ताटात निवायला लागते, आणि समोर मोबाइलवर आकडे उलटे पळत असतात. शिवाय कायद्याचा मुद्दा: घड्याळ केव्हा सुरू? अहोंचं म्हणणं, पहिला घोट पोटात गेला की. माझं म्हणणं, वरणभात कालवल्यापासून, कारण घोट म्हणजे जेवण नव्हे. "मग मधल्या वेळचं पाणी, ताक आणि चहा या यादीत ती कुठे आहे, दाखव," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागतात. परवा शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा ग्लासात अर्धं शिल्लक होतं. पेरू, लिंबू, गवताचा सुगंध, सगळं मी एका दमात गिळलं आणि मागून ठसका लागला. ठसक्याची मिनिटं धरायची की सोडायची यावर अजून निकाल आलेला नाही.

मग आली मापं. पुण्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, एक ग्लास म्हणजे दीडशे मिली. साधारण एकशे वीस कॅलरी. साडेसातशेच्या बाटलीत पाच ग्लास बसायला हवेत. तुझ्या बाटलीत किती बसतात?" माझ्या बाटलीत तीन बसत होते. ग्लास तिनेच दिलेले, आमच्या लग्नाच्या पंचविशीला. एवढे मोठे की त्यात शेर-दीड शेर गहू मावावेत.

दीडशे मिली मोजायला घरात एकच खात्रीचं माप सापडलं, सासूबाईंच्या द्राक्षासवाच्या बाटलीचं झाकण. पंधरा मिलीचं, आत रेषा आखलेल्या. मी ओट्याशी उभी राहून दहा झाकणं ग्लासात ओतली आणि आत वाकून पाहिलं. तळाला काहीतरी लालसर हलत होतं. देवळात पुजारी पळीने तीर्थ देतो, त्याचा हात याहून सैल असतो. तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या.

"माझ्या औषधाचं झाकण त्या दारूत बुडवलंस?"

"आई, धुऊन ठेवते."

"धुऊन काय होतंय? वास राहतो."

मी त्यांच्या बाटलीचं लेबल वाचून दाखवलं. द्राक्षासव म्हणजे द्राक्षं, गोडवा आणि धायटीची फुलं घालून आंबवलेला रस, आणि त्यात पाच ते दहा टक्के अल्कोहोल आपणहून तयार होतं. तसं बारीक अक्षरात छापलेलंही होतं. आईंनी ऐकून घेतलं. "आपणहून झालं ना? कुणी घातलं तर नाही?" असं म्हणून जेवणानंतरची दोन झाकणं समान पाण्यातून घेतली आणि शांतपणे जपाला बसल्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, तेव्हा वाईन ही दारू की नव्हे यावर राज्यात रान पेटलं होतं. तो निर्णय पुढे बारगळला. आमच्या घरी मात्र या विषयावर अंतिम निवाडा त्या रात्री आला.

मुलीने मग माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. काय खाल्लं ते लिहायचं, ते कॅलरी सांगतं. इथे मला या खटल्याची गोम कळली. शिराझ लिहिलं की ॲप लगेच विचारतं, किती मिली? ड्राय की गोड? टक्के किती? आणि अळूचं फदफदं लिहिलं की म्हणतं, असा पदार्थ सापडला नाही. थालीपीठाला त्याने पॅनकेक सुचवला. उकडीचा मोदक डंपलिंगमध्ये गेला. तुपाची धार लिहायची सोय तर कुठेच नाही, कारण धारेला माप नसतं, ती वाढणाऱ्याच्या प्रेमावर असते. संध्याकाळी हिशेब बघावा तर दिवसभराच्या यादीत ठळक, पक्का, पुराव्यासह नोंदलेला ऐवज एकच: एक ग्लास वाईन, एकशे वीस.

म्हणून मीच हिशेब मांडला. एक मोठा चमचा साजूक तूप म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. म्हणजे माझा अख्खा ग्लास आणि अहोंची एका पुरणपोळीवरची धार यांत फरक असलाच तर माझ्या बाजूने. आणि तीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे एकशे सत्तर. तीस ग्रॅम म्हणजे मूठभर, आणि मूठभर दाण्यांवर थांबलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

खरी मेख तिथे आहे हे मी मान्य करते. वाईन एकटी येत नाही. दोन घोटांनी भूक खवळते, आणि मग हात आपसूक चिवड्याच्या डब्याकडे जातो. चिवडा संपला की तळलेला पापड, त्यावर कांदा, आणि "आता जेवायला बसूच" म्हणता म्हणता शेवेची पुडी. पोटात अल्कोहोल गेलं की यकृत हातातलं काम टाकून आधी त्याचा निकाल लावतं, आणि चरबी जाळायचं काम तोवर मागे पडतं. म्हणजे मी ग्लासाला निर्दोष म्हणत नाही. त्याची संगत वाईट आहे, एवढंच म्हणते.

मुलगी म्हणाली, मग निदान ड्राय घे, त्यात साखर नसते. घेतली. इथे आमचा काळा मसाला आडवा आला. तिखट रश्शाबरोबर कोरडी, तुरट रेड घेतली की तोंडात आगीवर तेल. टॅनिन, म्हणजे रेडला तुरट करणारं द्रव्य, आणि अल्कोहोल दोघं मिळून मिरचीला चढवतात. जाणकार सांगतात, तिखटाबरोबर थोडी गोडसर व्हाइट घ्यावी. म्हणजे वजनासाठी कोरडी आणि रश्शासाठी गोडसर, या पेचात मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. गोडसर वाईनच्या एका ग्लासात साखर निघते दोनएक ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा. त्या एकशे वीसमधल्या शंभराहून जास्त कॅलरी तर थेट अल्कोहोलच्याच असतात, ग्रॅममागे सात या दराने. कोरडी घेऊन वाचत होत्या त्या सातआठ कॅलरी! एवढ्यासाठी मी महिनाभर रश्शासमोर डोळ्यांतून पाणी काढलं, आणि आई शेजारी सांगत सुटल्या की सुनेला डाएट सोसत नाही, जेवताना रडते.

वाईन पिऊन बारीक व्हायचं स्वप्न काही माझं एकटीचं नाही. अमेरिकेत १९६४ साली एक डॉलरची पुस्तिका निघाली होती: पाव-बटाटे सोडा, मद्य खुशाल घ्या. लाखोंनी खपली. १९७७ मध्ये 'व्होग'ने तर तीन दिवसांचा आहारच छापला. सकाळी एक उकडलेलं अंडं, काळी कॉफी आणि एक ग्लास व्हाइट वाईन. दुपारी दोन अंडी, दोन ग्लास. रात्री स्टेक आणि बाटलीत उरली असेल तेवढी सगळी. तीन दिवसांत पाच पौंड जाणार. मी हे वाचून क्षणभर हरखले. मग आमची सकाळ डोळ्यांपुढे आली. दूधवाला दारात, खाली कचऱ्याची गाडी गाणं लावून उभी, आतून आईंची घंटा, आणि मी एका हातात अंडं, दुसऱ्या हातात ग्लास घेऊन ओला कचरा-सुका कचरा वेगळा करतेय. पाच पौंड गेले असते, त्याबरोबर सोसायटीतली पतही.

वाईन हृदयाला चांगली, हे पालुपदही मी आता सोडलं आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या टीव्हीवर फ्रेंचांच्या लोणी-चीजचं आणि त्यांच्या ठणठणीत हृदयाचं कोडं रेड वाईनने सोडवलं, तेव्हापासून जग तिला टॉनिक समजत होतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. ठीक आहे. बाकरवडी तरी मी कुठे हृदयासाठी खाते? आवडते म्हणून घेते, एक घेते, दहा झाकणं मोजून घेते.

फक्त त्या मोजण्यातून नवाच घोळ उभा राहिला. पूर्वी बाटली दोन शनिवार-रविवारांच्या आतच संपायची. आता उरू लागली. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, पुढे आंबट होत जाते. आणि आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नाही. आदल्या दिवशीच्या पोळीचा कुस्करा होतो, भाताची फोडणी होते, आंबट ताकाची कढी होते. एवढ्या संस्कारांत वाढलेल्या बाईने आठशे रुपयांची वाईन सिंकमध्ये ओतायची? मग मंगळवारी भेंडीच्या भाजीबरोबर कर्तव्य म्हणून घ्यावी लागते. भेंडीबरोबर काहीही चांगलं लागत नाही, हे माझं ठाम मत आहे, पण अन्न हे पूर्णब्रह्म.

आणि मग श्रावण आला.

श्रावणात आमच्याकडे बाटली माळ्यावर जाते. महिनाभर एक थेंब नाही. अहो खूश. "आता बघ काटा कसा खाली येतो," म्हणाले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी माझं वजन लाल शाईने लिहून ठेवलं. सोमवारी उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी, कूट सढळ हाताने. शनिवारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. एकादशीला बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी. नारळी पौर्णिमेला नारळीभात. शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर होती, तिथे रात्री बारापर्यंत फुगड्या आणि त्यानंतर मटकीची उसळ, वाटली डाळ, करंज्या. जन्माष्टमीचा सुंठवडा प्रसाद म्हणून, आणि प्रसाद कुणी मोजत नाही. दीक्षितांचे दोन वेळांचे नियमही महिनाभर देवाधर्मापुढे नमले. पंचावन्न मिनिटांचं घड्याळ अहोंनी स्वतःहून बंद ठेवलं, कारण उपासाचं खाणं म्हणजे जेवण नव्हेच.

महिना सरला. पिठोरीची खीरपुरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभी राहिले. सव्वा किलो वर.

अहोंनी काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. पुन्हा तेच. मग सेल बदलले. मग स्वतः उभं राहून पाहिलं; ते होते तसेच. बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले.

"आषाढात घेतलेली असणार," शेवटी म्हणाले. "ती उशिरा दिसते." आणि गणपतीच्या मोदकांना तूप किती आणायचं, त्याची यादी करायला बसले.