असंच, जरा चालून येतो

रत्नागिरीत पायी चालणं मुळीच अवघड नाही. का चाललोय, हे रत्नागिरीकराला पटवणं अवघड आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भाट्याची खाडी आणि वर कातळाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, असं गाव असताना डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हणून सांगितलं तेव्हा मला वाटलं, चला, औषध तरी फुकट आहे. पण पहिल्या वळणावरच दबा धरून कुणीतरी असतं.

"काय हो, कुठे निघालात?"

"कुठे नाही. असंच, जरा चालून येतो."

हे उत्तर आमच्याकडे खपत नाही. माणूस बाजारात जातो, बँकेत जातो, कोर्टात तारखेला जातो, गेलाबाजार कुणाच्या तरी दहाव्याला जातो. 'असंच' कुणी जात नाही. समोरचा माझा चेहरा निरखतो, घरात काही बिनसलंय का याचा अंदाज घेतो आणि स्कूटर तिरकी करून म्हणतो, "बसा मागे, सोडतो." कुठे सोडणार ते त्याला माहीत नसतं आणि मलाही. नको म्हटलं तर मन मोडतं. त्यामुळे थिबा पॉइंटला पायी निघालेला मी साळवी स्टॉपला उतरतो आणि तिथून रिक्षा करून घरी येतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तो 1916 साली इथेच वारला. पण त्याच्यावर नजर होती ती फक्त इंग्रजांची. माझ्यावर अख्ख्या आळीची आहे.

खाडीकडे जावं तर तिथे वेळापत्रक निराळं. कांदळवन बघायचं तर ओहोटी हवी, आणि ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. त्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही येतो. तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, साधारण भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन बाराला. डॉक्टर म्हणतात, चालायची वेळ पक्की ठेवा. एकदा डॉक्टरांची आणि चंद्राची गाठ घालून द्यायला हवी. तोवर मी अष्टमीच्या आसपास भर दुपारी टोपी घालून चिखलाकडे निघतो आणि आळीची काळजी दुप्पट वाढते.

खाडी मात्र पैसे वसूल करून देते. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली असतात. त्या चिखलात हवा नाही, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटलं तर खारट लागतं. (हे करताना आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घ्यावी. मी आता करून घेतो.) पलीकडे पांढरी चिप्पी. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन जातात आणि सकाळी नुसता केसरांचा सडा पडलेला असतो. 2020 साली तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला, याचा तिला किंवा खाडीतल्या कुणाला पत्ता असावा असं वाटत नाही.

एकदा असाच निवटे बघत उकिडवा बसलो होतो. मासा असून चिखलावर सरपटतो, कातडी ओली असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेतो, मादीसाठी उड्या मारून दाखवतो. मी अगदी हरखून गेलो होतो. मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, वेचायला आलेल्या एक आजी कंबरेवर हात ठेवून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय पडलाय रं?"

"काही नाही, निवटे बघतोय."

"बगतोस कशाला? धर की! तिकल्यात चांगले लागतात."

आमच्या बाजूला निसर्गाची ओळख अशीच होते. आधी नाव, मग मसाला.

गणपतीत पुण्याहून मेहुणा आला आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. त्याच्याकडे दुर्बीण, वही, फोनवर पक्ष्यांचं ॲप आणि बारा खिशांची पँट होती. "भावजी, तुम्ही स्वर्गात राहता हो!" असं म्हणत त्याने मला पहाटे सड्यावर नेलं. त्याचं खोटं नव्हतं. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा तो जांभा भाद्रपदात ओळखू येत नाही. जिथे बोटभर माती साचली तिथे गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांची जांभळी झाक आणि नीट वाकून पाहिलं तर दवबिंदू. या झाडाच्या पानांवरचे चमकते थेंब दवाचे नसतात, चिकट असतात. कातळावरच्या मातीत कस नाही, म्हणून ते किडे धरून खातं. मेहुणा पोटावर पालथा पडून त्याचा फोटो काढत होता आणि एक टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. तिलाही बहुधा कुठे निघालात तेच विचारायचं होतं.

मग म्हशी घेऊन एकजण आला. त्याने पालथा मेहुणा पाहिला, दुर्बीण पाहिली, वही पाहिली.

"मोजणी आली काय?"

"नाही हो, फुलं बघतोय."

"फुलं," तो म्हणाला. मोजणीवाले पहिल्यांदा असंच सांगतात, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. अर्ध्या तासात सड्यावर बरीच मंडळी जमली. रस्ता येतोय की कंपनी, मोबदला गुंठ्याला की एकरी, आणि सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव असेल तर पैसे कुणाला, असे प्रश्न सुटू लागले. एका गृहस्थांनी तर मेहुण्याला बाजूला घेऊन कार्ड दिलं. "समुद्र दिसणारा प्लॉट आहे. क्लिअर टायटल. ही गवतं-बिवतं आम्ही साफ करून देऊ." मेहुण्याच्या पायाखाली तेव्हा निदान चाळीस दवबिंदू होते.

शेवटी तोडगा हिने काढला. हिने मला एक कापडी पिशवी दिली. पिशवी हातात असली की कुणी काही विचारत नाही, माणूस कामाला निघालाय हे दिसतं. दुर्बीण पिशवीच्या तळाशी, वर जुना पेपर. पहिल्या दिवशी मी थेट भाट्याच्या पुलापर्यंत बिनबोभाट पोचलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली.

"बाजारात चाललायत ना? येताना अर्धा किलो कांदे आणा. आणि पिठाच्या गिरणीत आमचा डबा आहे."

आता मी खाडीवर जातो, बगळे बघतो, निवटे बघतो आणि येताना दोन घरचे कांदे, तीन घरची कोथिंबीर आणि दळण घेऊन चढ चढतो. डॉक्टर म्हणाले, साखर उतरलीय, चालणं असंच चालू ठेवा. काकू म्हणाल्या, कांदे मात्र जरा बघून घेत जा.