पट्टी खयचीपण चलात

चतुर्थीला दीड महिना उरलाय. मुंबईच्या भावाने पैसे पाठवलेत. गाणं तुम्हीच लिहिलंय, चालही तुमचीच. वाडीतल्या लोकांना ती आधी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते, पण वाडीतल्या लोकांना काय, नवा जावईसुद्धा आधी कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो. कुडाळच्या स्टुडिओतली तारीख मिळाली आहे. आता नीट तयारी करा, मी सांगतो तशी.

सगळ्यात आधी पोस्टर. गाणं नंतरही होईल. पोस्टरवर तुम्ही काळ्या चष्म्यात, डोळे आकाशाकडे, हात हार्मोनियमवर. खाली गायक, गीतकार, संगीतकार म्हणून तीनदा तुमचंच नाव. त्याखाली 16 शुभेच्छुकांचे गोल फोटो. कोण वर, कोण खाली, यावर निदान तीन रात्री घालवा. या तीन रात्री खरं तर गाणं पाठ करायला ठेवल्या होत्या, पण शुभेच्छुक रुसला तर तो गाणं ऐकायचा नाही. न रुसलेला तरी कुठे ऐकतो म्हणा. शब्दांसाठी कागद आहेच. तो चार घड्यांचा आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेला असू द्या, म्हणजे दुसऱ्या कडव्याला माईकसमोर उलटता येईल. कंडेन्सर माईकला कागदाची कुरकुर फार गोड ऐकू येते, कधी कधी गाण्याहून जास्त.

सराव आदल्या रात्रीच करायचा. आधी केला तर ताजेपणा जातो. पूर्ण आवाजात, दोन वाजेपर्यंत. मग आषाढ संपत आलाय म्हणून राहिलेले कोंबडी-वडे उरकायचे आणि तसंच आडवं व्हायचं. पोटातलं आम्ल रात्रभर घशापर्यंत ये-जा करतं आणि सकाळी आवाज असा भारदस्त निघतो की घरातले विचारतात, कोण आलंय? घरी सोडून द्यायची गोष्ट म्हणजे पाणी. डॉक्टर मंडळी सांगतात की प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना त्याचा स्पर्शही होत नाही, ओलावा शरीरातून तिथपर्यंत पोचायला तास लागतात, म्हणून आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा. एवढा दम कोणाला आहे? तुम्ही स्टुडिओत गेल्यावर एकदम दीड लिटर ढोसा. घसा ओला होवो न होवो, दर दहा मिनिटांनी बाहेर जायला कारण मिळतं. स्टुडिओचे पैसे तासावर असतात, तुमचे पाय तर मोकळे होतात.

एकटे जाऊ नका. सहा आसनी करा आणि सात जण बसा. पखवाजवाला, झांजवाला, कोरसातले दोघे (काम नसलं तरी त्यांना वाईट वाटू नये म्हणून), व्हिडिओ काढणारा भाचा, आणि एक जण असा, जो प्रत्येक टेकनंतर "बुवा, एक नंबर!" म्हणेल. तो सगळ्यात महत्त्वाचा.

आत गेल्यावर रेकॉर्डिस्ट पहिला प्रश्न विचारील, "बुवानु, पट्टी खंयची?" म्हणजे पेटीवरचा कुठला सूर सा धरून गाणार. इथे बावचळायचं नाही. रुबाबात सांगायचं, "पट्टी खयचीपण चलात." गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, सांगितली होती आणि त्याने पेटी, पखवाज, बासरी घेऊन सगळा ट्रॅक काळी दोनात करून ठेवलाय, हे तो आठवण करून देईल. तुम्ही हसा. मग दोन ओळी गाऊन बघा आणि म्हणा, जरा वर घेऊया का, पांढरी चारला? वाजवून घेतलेला ट्रॅक तसा ओढून वर नेला की बासरीला सर्दी होते आणि पखवाज डबा वाजवल्यासारखा होतो. तो हे सगळं समजावीपर्यंत एक तास जातो. कलाकाराने आपलं समाधान होईपर्यंत थांबू नये.

आता हेडफोन. त्यातून टिक, टिक, टिक असं काहीतरी येत राहील. ती क्लिक, एकसारखी लय मोजणारी. भजनात पखवाजवाला तुमच्याकडे बघून वाजवतो. तुम्ही गजरात धावलात की तो धावतो, अभंगात तान घेऊन समेवर उशिरा आलात की तो एक तिहाई जास्त मारून तुम्हाला सांभाळून घेतो, आणि वर लोक टाळी देतात, काय आमद घेतली बुवांनी! तुमची निम्मी कीर्ती त्याच्या दोन हातांची आहे. कोरस तर त्याहून मोठा आधार. ओळ विसरलात तर पाठीमागचे आठ गळे ती उचलतात आणि श्रोत्यांना वाटतं बुवांनी मुद्दाम सोडली. क्लिकला यातलं काहीच कळत नाही. ती तुमच्या वाडीची नाही. तुम्ही पुढे गेलात तर ती मागेच राहते, तुम्ही थांबलात तरी चालूच. मी तर रेकॉर्डिस्टला सरळ विचारलं होतं, "ह्येका जरा आमच्यावांगडा चलाक सांगा." तो काही बोलला नाही. काचेपलीकडे त्याने फक्त चष्मा पुसला. त्यामुळे घरी फोनवर मेट्रोनोम लावून गाऊन बघणं वगैरे भानगडीत पडूच नका. हा धक्का तिथेच, मीटर चालू असताना खाल्लेला बरा.

मग पहिला टेक ऐकवतील. घाबरू नका, तो तुमचाच आवाज आहे. आजवर तुम्ही तो अर्धा हवेतून आणि अर्धा स्वतःच्या कवटीच्या हाडांतून ऐकत होतात. हाडं खर्जाची भर घालतात. माईकला तुमची हाडं उपलब्ध नसतात. तुमच्या बायकोला गेली पंधरा वर्षं हाच आवाज ऐकू येतोय, तिने कधी तक्रार केली का? केली असेल तर ती पट्टीबद्दल होती असं समजा.

माईकपासून वीतभर लांब उभं राहायला सांगतील आणि मध्ये चहाच्या गाळणीसारखी एक जाळी लावतील. ती बाजूला सारा, व्हिडिओत तोंड दिसत नाही. गणपतीच्या गाण्यात बाप्पा, भक्त, भाव, फुलं, पूजा हीच अक्षरं असतात आणि प-फ-ब-भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघून माईकच्या पडद्यावर आपटतो. ऐकताना वाटतं, बाप्पा पायऱ्या उतरून येताहेत, धप्प, धप्प. भक्तिरसाला पोषकच. ताल पायाने धरा, घड्याळ आणि सोन्याची साखळी घालून या, झब्ब्याला कडक खळ असू द्या. पंखा बंद करतात, एसी बंद करतात, बाहेर पत्र्यावर पाऊस, आत आषाढातली दमट हवा. अशा वेळी उपाशीपोटी गेलेल्या गायकाच्या पोटातून जी गुरगुर येते, ती इतकी स्वच्छ रेकॉर्ड होते की काय सांगू.

चुकलं तरी ऑटोट्यून आहे, हे वाक्य दर टेकनंतर म्हणा. 1997 मध्ये आलेलं ते सॉफ्टवेअर तुमचा सूर उचलून जवळच्या सुरावर नेऊन ठेवतं. पण तुम्ही दोन सुरांच्या बरोबर मधोमध उभे असाल, एसटी थांब्यावर गाडी नेमकी कुठे लागेल ते न कळलेल्या माणसासारखे, तर ते तुम्हाला चुकीच्या गाडीतही बसवतं. आणि ती गाडी अगदी वेळेवर जाते.

1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानने तबकडीसाठी गायलं, तेव्हा माईकही नव्हता. मोठ्या भोंग्यापुढे उभं राहून तीनेक मिनिटांत, एका दमात, मध्ये न चुकता. शेवटी तिने आपलं नाव इंग्रजीत सांगितलं, जर्मनीत तबकडी छापणाऱ्यांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. यातलं एका दमाचं सोडा, नावाचं घ्या. आधी तुमचं नाव, मग गाव, वाडी, मंडळ, मग 16 शुभेच्छुक पोस्टरच्या क्रमाने. उरलेल्या वेळात गाणं.

माझ्या 31 व्या टेकला असं झालं की ओळ लागली. खरोखर लागली. मलाच कळलं. डोळे मिटले, पाय आपटायचा विसरलो. भिंतीला अंड्यांचे ट्रे ठोकले होते, त्यामुळे बाहेरचा आवाज येणार नाही याची मला खात्री होती. ते ट्रे फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी करतात, रस्ता थांबवत नाहीत, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नेमका लांब स्वर धरला आणि खिडकीखालून पाववाला गेला. पों-पोंऽऽ.

रेकॉर्डिस्टने थांबवलं. मागे जाऊन तेवढाच तुकडा ऐकला. परत ऐकला. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, दिवसभरात पहिल्यांदा जरा खूश:

"बुवानु, ह्यो भोंगो ठेवया काय? बरोबर काळी दोनात लागलो हा."

"आणि माझी ओळ?"

"ती बघूया," तो म्हणाला, आणि भाच्याला पाव आणायला पिटाळलं.