‘डायलिसिस सुरू झाले की सुटत नाही’ या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात नाशिकमधल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. डायलिसिस एकदा सुरू झाले की मरेपर्यंत सुटत नाही, हा सगळा रुग्णालयांचा धंदा आहे, म्हणून आधी २१ दिवस जव, गोखरू आणि धन्याचा काढा घ्यावा, रोज पाच लिटर पाणी आणि दोन शहाळी प्यावीत, म्हणजे क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा) आपोआप उतरते, असा त्याचा सारांश. माझे वडील चार वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतात. एकाच आठवड्यात तीन नातेवाइकांनी त्यांना हा संदेश काळजीपोटी पाठवला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

डायलिसिस कधीच सुटत नाही, हे पहिले विधानच चुकीचे आहे. इगतपुरीकडे भातलावणीत कोणाला घोणस चावली, लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) झाला किंवा जुलाबांनी अंगातले पाणी आटले, तर मूत्रपिंडे अचानक काम थांबवतात. अशा वेळी काही दिवस किंवा काही आठवडे यंत्राचा आधार दिला की बहुतेकांची लघवी पुन्हा सुरू होते आणि डायलिसिस बंद होते. किंबहुना या उपचाराचा इतिहासच तिथून सुरू होतो. नेदरलँड्समध्ये डॉक्टर विलेम कोल्फ यांच्या डायलिसिस यंत्रामुळे १९४५ साली जी पहिली रुग्ण वाचली, ती ६७ वर्षांची स्त्री शुद्धीवर आली, तिची मूत्रपिंडे सावरली आणि ती पुढे काही वर्षे यंत्राविना जगली. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडातल्या गाळण्या वर्षानुवर्षे झिजल्या असतील, तर मात्र त्या परत येत नाहीत. तेव्हा डायलिसिस चालू राहते ते आजार कायम असतो म्हणून. त्याचा दोष यंत्राला देणे म्हणजे काठी घेतल्यामुळे पाय अधू झाला म्हणण्यासारखे आहे.

‘इतकी घाई कशाला?’ हा संदेशातला प्रश्न मात्र मला रास्त वाटतो. नुसता क्रिएटिनिनचा आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासातून २०१० साली दिसून आले. त्यामुळे रुग्णाने नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) तसे जरूर विचारावे. पण रक्तात वाढलेले पोटॅशियम औषधांनाही दाद देत नसेल, फुप्फुसात पाणी भरत असेल किंवा शुद्ध हरपू लागली असेल, तर थांबायला वेळ उरलेला नसतो.

सर्वांत घातक सल्ला पाण्याचा आहे. मुतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात, तेच इथे सरसकट चिकटवलेले दिसते. वडिलांना दिवसभरात जेमतेम कपभर लघवी होते, आणि चहा, वरण, ताक सगळे धरून त्यांना लिटरच्या आतच द्रव घ्यायची परवानगी आहे. प्रत्येक डायलिसिसआधी ते अनवाणी वजनकाट्यावर उभे राहतात. दोन दिवसांत दोन-अडीच किलो वाढलेले असते आणि ते जवळजवळ सगळे पाणीच असते. एका लग्नात त्यांनी मठ्ठा जास्त घेतला, तेव्हा घोट्यावर बोट दाबले की खळगा तसाच राहत होता, आणि ती रात्र त्यांनी उशांना टेकून बसून काढली. अशा माणसाने पाच लिटर पाणी प्यायले तर ते फुप्फुसातच उतरेल. एका शहाळ्यात साधारण अर्धा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नसतील, तर हृदयाचे ठोके बिघडून ते बंदही पडू शकते.

काढ्याने क्रिएटिनिन उतरते, असे म्हणतात. पण खाणे सुटून स्नायू झडले तरीही क्रिएटिनिन उतरते, त्यामुळे आकडा खाली आला म्हणजे मूत्रपिंड सुधारले असे होत नाही. आणि ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीची किंमत १९९०च्या दशकात बेल्जियममधल्या शंभरावर लोकांनी मोजली: वजन घटवण्याच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती होती आणि त्यांची मूत्रपिंडे खराब झाली.

पण मला खरी हळहळ वाटते ती ज्यांच्यावर डायलिसिसची वेळ अजून आलेलीच नाही त्यांच्यासाठी. निफाडचे माझे मामा मधुमेही आहेत, त्यांचे क्रिएटिनिन २.१ आहे, आणि छाटणीच्या गडबडीत डॉक्टरांकडे जायचे सोडून ते हाच काढा घेत होते. याच टप्प्यावर आज हातात काहीतरी आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात साखरेची औषधे मूत्रपिंडाची झीज मंदावतात, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे, आणि पेटंटची मुदत संपल्यामुळे भारतात ती आता स्वस्त मिळतात. मधुमेहींसाठी फिनेरेनोन हे औषध आहे. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाचाही असाच उपयोग २०२४ मध्ये दिसला. यातले कोणाला काय द्यायचे, हे लघवीतून जाणारे अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्ताच्या तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात. त्यासाठी मात्र वेळेवर जावे लागते.

धंद्याच्या आरोपाबद्दल एवढेच, की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली ते जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत मिळते. सुरगाण्याहून आठवड्यातून तीनदा येणाऱ्याचा एसटीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी हा खरा जाच आहे, पण त्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

हा संदेश वाचून कोणी आधीच डायलिसिस चुकवले असेल, तर आडवे झाल्यावर दम लागणे, हातापायांतली ताकद जाणे, छातीत धडधडणे यांपैकी काहीही जाणवताच पुढच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे, आणि किती दिवस काय प्यायले ते तिथे न लपवता सांगावे.