उलटी चूडी

आमच्या बाबांची येझदी मोटरसायकल १९८२ची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, आणि घरात मानही त्याच हिशोबाने. वर्षभरापासून ती दुसऱ्या गियरमधून आपली आपण न्यूट्रलला यायला लागली होती. आमच्या इंदूरच्या रामबागच्या गल्लीत चालून जातं हो, पण राजवाड्याच्या गर्दीत गाडी अशी अचानक हताश झाली की मागचा ई-रिक्षावाला जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकली आणि जाहीर केलं की गियरबॉक्स मी स्वतः खोलणार. आईने फक्त एवढंच विचारलं की परात कुठली नेतोयस.

आता येझदीचा गियरबॉक्स इंजिनच्याच पोटात असतो, त्यामुळे आख्खं इंजिन उतरवून त्याच्या दोन फाका करायच्या, आणि त्याच्याही आधी डाव्या बाजूचा क्लच काढायचा. किक आणि गियर एकाच दांड्यावर, ही या गाडीची जुनी करामत (पाहुण्याला किक मारायला सांगून आम्ही लहानपणी खूप हसलोय). तो दांडा काढला, कव्हर काढलं, कॉर्कच्या प्लेटा काढल्या, आणि आत मधोमध तो नट बसलेला. नट कसला, सुपारी! सहा कोपऱ्यांपैकी दोनच जिवंत, बाकीचे कोणीतरी छिन्नीने ठोकून ठोकून सपाट केलेले. त्या अज्ञात महाभागाला मी मनापासून शिव्या घातल्या, मोठ्याने. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते, काही बोलले नाहीत.

लॉक वॉशरचा कान सरळ केला, क्लच फिरू नये म्हणून जुन्या प्लेटेला सळई वेल्ड करून दांडा बनवला आणि गोटी पाना लावला. हलेना. रात्रभर डिझेल पाजलं. हलेना. स्प्रे मारला, रॉकेल घातलं, शेजारच्या काकूंनी लिंबू सुचवलं तेही पिळलं (खोटं कशाला बोलू). मग सियागंजातून दीड हात लांब पाइप आणला, पान्याच्या दांड्यात घातला आणि पाय लावून असा काही जोर केला की पाना सटकन सुटला, मी तुळशीवृंदावनापाशी, आणि नटाचे उरलेले दोन कोपरेही गेले. आता तो खराखुरा गोल झाला.

तिसऱ्या दिवशी हार मानून गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीला घेऊन आलो. माणूस साठीचा, येझदीवरच म्हातारा झालेला. त्याने आधी चहा घेतला, मग नटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भिया, किधर घुमा रहे थे?"

मी हाताने दाखवलं.

"उल्टी चूड़ी है इसमें।"

म्हणजे डावे आटे. क्लच फिरता फिरता नट आपोआप सैल पडू नये म्हणून कंपनीनेच दिलेले. म्हणजे जगातला बाकी प्रत्येक नट ज्या बाजूला सैल होतो त्या बाजूला हा कसतो, आणि मी तीन दिवस, दीड हाताचा पाइप घालून, लिंबू पिळून, तो कसत होतो. मिस्त्रीने टॉर्च मारला. छिन्नीचे जुने घावही सगळेच्या सगळे त्याच बाजूने होते.

"किसी समझदार ने पहले भी कसा है।"

ओट्यावरचा पेपर हळूच वर सरकला. त्याच्या मागून आवाज आला, "तेव्हा निघाला नाही, म्हणूनच तर इतकी वर्षं टिकला."

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. मिस्त्रीने पोराकडून वेल्डिंग मशीन मागवलं, तेल स्वच्छ पुसलं, एक मोठा नट या सुपारीवर ठेवून आतून जोडून टाकला. अर्थिंगचा चिमटा मात्र मुद्दाम त्याने नटाच्या अगदी शेजारी लावला, नाहीतर म्हणे करंट बेअरिंगमधून जातो आणि मग नटासोबत बेअरिंगचंही कल्याण. तापून लाल झालेला नट जरा निवला, मग पाना लावून उलटीकडे, म्हणजे या नटाच्या सुलटीकडे, एक झटका. कट्ट. नुसत्या हाताने! इतका हलका निघाला की मला अपमान वाटला.

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली. इंदूरच्या गाडीत सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो, तर हा कशात टाकू म्हणून मी विचारलं, त्या पोराने दोन नटांचं ते जोडपं हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "भिया, ये कबाड़ी को देना।" शेवटी बाबांनीच ते धुवून शोकेसमध्ये ठेवलं, माझ्या शाळेच्या कपाच्या शेजारी.

गियरबॉक्स अजून उघडलेला नाही. सगळे स्क्रू काढले तरी इंजिनच्या दोन फाका एकमेकींना सोडायला तयार नाहीत, पुरणाची परात अडकून पडलीये, माझी सुट्टी संपली, आणि आत्ता हे लिहितोय तर बाबा मागे येऊन उभे राहिलेत. हातात छिन्नी आहे.