सह्याद्रीनं ढकललेल्यांसाठी

साहेब, अभिनंदन! लोकसभेचं तिकीट तुम्हाला मिळालं, आणि तेही न मागता. पाच वेळा आमदार, तीन वेळा मंत्री, एकदा तर मुख्यमंत्रिपदासाठी नावसुद्धा 'चर्चेत'. एवढं सगळं झाल्यावर पक्षश्रेष्ठींना एका रात्रीत साक्षात्कार झाला की दिल्लीला तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची गरज आहे. नेमक्या त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पालकमंत्रिपदासाठी एका तरुण नेतृत्वाचं नाव पुढे आलं, हा निव्वळ योगायोग. अशा योगायोगांकडे लक्ष देणं तुमच्या वयाला शोभत नाही.

पत्रकार दारात उभे आहेत, तेव्हा पहिलं वाक्य पाठ करून घ्या : "मी इच्छुक नव्हतो, पण पक्षाचा आदेश शिरसावंद्य." हे वाक्य विमा पॉलिसीसारखं आहे. निवडून आलात तर त्याग ठरतो. पडलात तर "मी आधीच सांगितलं होतं" म्हणायची सोय राहते. फक्त म्हणताना चेहरा सांत्वनाला गेल्यासारखा करू नका. तो चेहरा तुम्हाला सवयीनं येतो हे मान्य, मतदारसंघातलं एकही दहावं तुम्ही चुकवलेलं नाही. पण इथं दहावं कुणाचं, असा प्रश्न लोकांना पडेल.

मग तुमचा भाषणं लिहिणारा यशवंतराव चव्हाणांना काढेलच. १९६२ साली चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं महाराष्ट्र म्हणाला, आणि पुढे नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध गेले. हे वाक्य तेव्हापासून दिल्लीला निघालेल्या प्रत्येकाच्या पत्रकात असतं. मीही अशी पत्रकं लिहिली आहेत, त्यामुळे हक्कानं सांगतो : तुम्ही ते टाळा. तुम्हाला हिमालयानं हाक मारलेली नाही. सह्याद्रीनं ढकललंय.

आता मतदारसंघाकडे वळू. विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८, म्हणजे तुमच्या नव्या मतदारसंघात सहा विधानसभा आहेत. त्यातली एक तुमची. तिथं वाड्यावस्त्यांवरची कुत्रीसुद्धा तुमच्या गाडीचा हॉर्न ओळखतात. उरलेली पाच संस्थानं आहेत आणि तिथले संस्थानिक तुम्हाला तीस वर्षं ओळखून आहेत, हीच अडचण आहे. जिल्हा बँकेत तुम्ही कुणाचं पॅनेल पाडलंत, कुणाच्या धरणाचं पाणी वळवलंत, कुणाच्या मेहुण्याची बदली गडचिरोलीला केलीत, हे त्यांनी विसरावं अशी तुमची अपेक्षा आहे. ते विसरलेत असं ते सांगतील. गळ्यात पडतील, पेढा भरवतील, "साहेब, माझ्याकडून पन्नास हजारांचं लीड धरून चाला" म्हणतील. जो जेवढा मोठा आकडा सांगेल, त्याच्याकडच्या बूथवर पोलिंग एजंट स्वतःचे बसवा.

तुमच्या विजयासाठी खरोखर जीव तोडून राबणारा माणूस जिल्ह्यात एकच आहे. तुमच्या विधानसभेच्या जागेवर वीस वर्षं डोळा ठेवून बसलेला तो कार्यकर्ता. तुम्ही दिल्लीला जावं म्हणून त्यानं तुळजापूरला नवस बोललाय. त्याला प्रचारप्रमुख करा. चिरंजीवांचा विषय निकालापर्यंत त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

अर्ज भरायची घाई नको, मुहूर्त बघूनच भरा. अनामत रक्कम २५ हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते, पण तुमच्यावर ती वेळ येणार नाही. एक षष्ठांश तर तुमचे नातेवाईक आणि ठेकेदार मिळूनच होतील. प्रतिज्ञापत्र मात्र स्वतः वाचून सही करा. व्यवसाय : शेती. स्वतःच्या नावावर वाहन : नाही. हा मजकूर वर्षानुवर्षं चालत आलाय, तो बदलू नका. ज्या गाडीतून उतरून तुम्ही हा अर्ज भरणार, ती गाडी कुणाची, असं निवडणूक निर्णय अधिकारी विचारत नाहीत.

खर्चाची मर्यादा ९५ लाख. विधानसभेला ४० होती, म्हणजे मतदारसंघ सहापट झाला आणि मर्यादा अडीचपटही नाही. आयोगाचा तुमच्या काटकसरीवर केवढा विश्वास आहे बघा. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं आणि हिशेब त्या दरानं लागतो. जेसीबीतून उधळलेली फुलं ही कार्यकर्त्यांच्या उत्स्फूर्त प्रेमाची असतात. उत्स्फूर्त प्रेमाची पावती फाडत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की ९५ लाखातही शिल्लक राहते.

भाषणाचं काय? लोकसभेची निवडणूक आहे, तेव्हा राष्ट्रीय मुद्दे हवेत, असं कुणीतरी पुण्याहून आलेला सल्लागार लॅपटॉप उघडून सांगेल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तीस वर्षं तुम्ही पाणंद रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा आणि विजेचा डीपी या चार खांबांवर लोकशाही पेललीत. तेच चालू ठेवा. समोरच्या म्हातारीला परराष्ट्र धोरण नको आहे, तिला संजय गांधी निराधारचे पैसे तीन महिने का आले नाहीत ते सांगा.

खरं म्हणजे तुमच्या जिल्ह्याचे काही प्रश्न दिल्लीतच अडकलेले असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कांद्याची निर्यात बंद झाली की लासलगावात भाव कोसळतो, तो हुकूम मंत्रालयातून निघत नाही. २०२३च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली आणि ऐन लोकसभेच्या प्रचारात, २०२४च्या मे महिन्यात उठली. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. साखरेचा किमान विक्री दरही केंद्रच ठरवतं. खासदारानं खरोखर भांडावं असे हे विषय. पण तुम्ही भांडू नका. एफआरपीबद्दल बोलायला उभे राहिलात आणि मागून कुणी ओरडलं, "साहेब, आपल्या कारखान्याचं मागच्या हंगामाचं बिल कधी?", तर माइक बंद पडल्याचं नाटक किती वेळ करणार?

आता सगळ्यात नाजूक गोष्ट सांगतो. धोका त्या पाच विधानसभांत नाही. धोका घरात आहे. तुमचा हक्काचा मतदार पारावर बसून हिशेब मांडतोय : साहेब दिल्लीला गेले तर पोराच्या नोकरीची चिठ्ठी कुणाकडून घ्यायची? तहसीलदाराला फोन कोण लावणार? पोलीस ठाण्यातून पोरगं रात्री अकराला कोण सोडवणार? तुमच्यावरच्या निखळ प्रेमापोटी तो समोरच्याला मत देईल, तुम्ही इथंच राहावं म्हणून. दुसऱ्या दिवशी हार घेऊन दारात येणाराही तोच. रडेलसुद्धा, आणि ते रडणं खरं असेल.

पण घाबरू नका. इतिहास तुमच्या बाजूनं आहे, म्हणजे पडणाऱ्यांच्या बाजूनं. छगन भुजबळ २०१४ला नाशिकमधून लोकसभा हरले आणि त्याच वर्षी येवल्यातून विधानसभा जिंकले. सुधीर मुनगंटीवार २०२४ला चंद्रपुरातून अडीच लाखांहून जास्त मतांनी हरले. नोव्हेंबरात बल्लारपूरनं त्यांना पुन्हा आमदार केलं. आपल्याकडे लोकसभा उन्हाळ्यात आणि विधानसभा दिवाळीच्या आसपास, ही व्यवस्था ज्यानं लावली त्याचे पाय धरावेत. मधले सहा महिने पराभव विसरायला पुरतात. शिवाय लोकसभा लढवायला आमदारकीचा राजीनामा द्यावा लागत नाही. म्हणजे पडलात तरी निकालाच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आमदारच असता. पक्षाचा आदेश पाळला, दिल्लीची बला टळली, सहानुभूती मिळाली. पालकमंत्रिपदाचा विषयही पुन्हा काढता येतो. आता एवढ्या फायद्यांसाठी किती मतांनी पडायचं हे मात्र तुमच्या हातात नाही, आणि तिथंच थोडी बेअब्रू होते.

खरी पंचाईत निवडून आलात तर.

एकाच वेळी दोन्ही सभागृहांत बसता येत नाही. १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते. साखर कारखानदार म्हणून कायद्यातल्या १४ दिवसांशी तुमचा जुना परिचय आहे. ऊस कारखान्यात पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची, असाही नियम आहेच. ते १४ दिवस पुढच्या दिवाळीपर्यंत ताणता येतात. हे ताणता येत नाहीत. आणि गंमत बघा, मुदतीत आमदारकी सोडली नाही तर आमदारकी जात नाही, खासदारकी जाते. घटना लिहिणाऱ्यांनी तुमच्यासारख्यांसाठी मागचा दरवाजा उघडा ठेवलाय की काय, असं वाटावं. मोह होईल. तेराव्या रात्री झोप लागणार नाही. पण राजीनामा द्या, कारण चिरंजीवांनी नवीन जॅकेटं शिवून घेतलीत.

चिरंजीवांना थेट उभं केलं तर घराणेशाही म्हणतील. म्हणून आधी ग्रामपंचायतींचे ठराव येऊ द्या, मग महिला आघाडीचं निवेदन, मग एका तरुणानं टॉवरवर चढून "युवा नेतृत्वाला संधी द्या" असं म्हणावं. टॉवर फार उंच नको. आणि तो वीस वर्षं राबलेला कार्यकर्ता? त्याला महामंडळ द्या. कुठलं हे सांगू नका, फक्त महामंडळ म्हणा. महामंडळ या शब्दावर माणूस पाच वर्षं जगतो.

मग तुम्ही दिल्लीत. शरद पवार १९८४ला बारामतीतून लोकसभेवर गेले आणि पुढच्याच वर्षी राज्यात परतले. १९९१ला संरक्षणमंत्री झाले आणि १९९३ला पुन्हा मुख्यमंत्री म्हणून आले. परतीचं तिकीट खिशात ठेवून जाणं यालाच म्हणतात. तुमच्या खिशात ते नाही. तुम्हाला महाराष्ट्र सदनातली खोली आहे, आणि लोकसभेच्या नव्या सभागृहात ८८८ आसनं. खासदार ५४३. मुंबईत एका खुर्चीसाठी पाचजण भांडत होते. इथं रिकाम्या खुर्च्याच तुमच्याकडे बघतील. विधानसभेत तुम्ही लक्षवेधी सूचना मांडलीत की सचिव घामाघूम व्हायचे. इथं नियम ३७७ खाली एक छोटा कागद वाचायचा, आणि उत्तर कधीतरी पत्रानं येतं.

निधीचंही सांगून ठेवतो, कारण कुणी सांगत नाही. आमदाराला वर्षाला ५ कोटी, एका विधानसभेसाठी. खासदाराला वर्षाला ५ कोटी, सहा विधानसभांसाठी. बढती झाल्यावर पगार एक षष्ठांश होणारं हे देशातलं एकमेव खातं असावं. सभामंडप मागायला आलेल्यांना हे गणित समजावून सांगू नका. त्यांना तुम्ही गरीब झालात एवढंच कळेल.

अधिवेशन चालू असेल. कुठल्याशा विधेयकावर हिंदीत जोरजोरात काहीतरी चाललेलं असेल, तुम्ही बाक वाजवायचा की नाही हे शेजारच्याकडे बघून ठरवत असाल, आणि खिशातला फोन थरथरेल. बाहेर लॉबीत या आणि उचला. वस्तीवरून फोन आहे.

"साहेब, डीपी जळालाय. चार दिवस झाले, पिकं वाळायला लागली."

"अरे, मग आमदाराला सांग ना."

"सांगितलं असतं साहेब. पण धाकटे साहेब फोनच उचलत नाहीत."