ओला कापूस आणि ग्राफिक्स कार्ड: ‘सगळे रिव्ह्यू विकलेले’ या मेसेजला उत्तर

कापसाचा चुकारा हातात पडला की आमच्या दुकानात ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गेमचं चित्र काढणाऱ्या भागाची, चौकशी सुरू होते. दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बारा महिने कॉम्प्युटर दुरुस्ती आणि लग्नसराईत व्हिडिओ एडिटिंग. यंदा येणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरतोय. नेरकडचा एक पोरगा तर काउंटरवर मोबाइल आपटूनच बोलला, “दादा, हे खरं हाये का? मंग मी कायले एवढे व्हिडिओ पाहून राह्यलो?”

मेसेज असा आहे:

“राजेहो, ग्राफिक्स कार्ड घेताना रिव्ह्यू पाहू नका. सगळे रिव्ह्यूवाले कंपन्यांनी विकत घेतलेले हायेत. एनव्हिडिया चित्र खराब करून एफपीएस वाढवते, रेडिऑन असं कधीच करत नाही. रेडिऑनचे रंगच अस्सल. डीएलएसएस म्हणजे निव्वळ फसवणूक. डोळे झाकून जास्त जीबीचं कार्ड घ्या. पुढे पाठवा.”

एनव्हिडिया ही कार्डं बनवणारी कंपनी, जीफोर्स हे तिच्या कार्डांचं नाव. रेडिऑन ही तिच्या प्रतिस्पर्धी एएमडीची कार्डं. जीबी म्हणजे कार्डावरची मेमरी. मेसेजमध्ये खऱ्याची थोडी भेसळ आहे, म्हणूनच तो एवढा चालतो.

“एनव्हिडिया चित्र खराब करून एफपीएस वाढवते, रेडिऑन असं कधीच करत नाही.”

इथूनच सुरू करतो, कारण अर्धं वाक्य खरं आहे. जिनिंगवर गाडी न्यायच्या आदल्या रात्री कापसावर पाणी मारणारे महाभाग आपल्याकडे आहेत. काटा खोटं बोलत नाही, क्विंटल खरेच भरतात. त्यात पाणी किती हे तेवढं काटा सांगत नाही. म्हणून सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावाही मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर गेला की माल परत. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर आली, हा नुसता वजनकाटा झाला. चित्र काढताना ड्रायव्हरनं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, कामचुकारपणा केला तर आकडा वाढतो आणि काट्याला काही कळत नाही.

आता इतिहास पाहा. २००१ साली रेडिऑन ८५०० आलं. रेडिऑन तेव्हा एटीआय कंपनीचं होतं, एएमडीनं ती कंपनी २००६ मध्ये घेतली. ‘क्वेक ३’ या गेममध्ये कार्डाचे आकडे चांगले येत होते. हार्डओसीपी या साइटच्या परीक्षकांनी गेमच्या फाइलमध्ये ‘क्वेक’चं ‘क्वॅक’ केलं, बाकी कशाला हात लावला नाही. वेग खाली आला आणि भिंती, जमीन जास्त रेखीव दिसू लागल्या. ड्रायव्हर गेमचं नाव वाचून पोतांचा, म्हणजे टेक्स्चरचा, दर्जा गुपचूप उतरवत होता. हा गाजलेला चोर रेडिऑनच्याच घरात सापडला.

दोन वर्षांनी एनव्हिडियाची पाळी. ‘थ्रीडीमार्क ०३’ ही वेग मोजायची चाचणी. तिच्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेनंच फिरतो. एक्स्ट्रीमटेकवाल्यांकडे तिची डेव्हलपर आवृत्ती होती, तीत कॅमेरा वाट सोडून कुठेही नेता येतो. त्यांनी तो बाजूला वळवला, तर आकाशाच्या चिंध्या झालेल्या! कॅमेरा जिथं कधी बघणारच नव्हता, तिथलं चित्र ड्रायव्हरनं काढलंच नव्हतं. तमाशाच्या पडद्यामागं डोकावावं आणि राजवाड्याला मागची भिंतच नसावी, तशी गत. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कनं मे २००३ मध्ये दुरुस्ती काढली आणि जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचा गुणांक २४.१ टक्क्यांनी कोसळला. एटीआयचाही १.९ टक्क्यांनी घसरला. छोटा हात त्यांनीही मारला होता. थोड्याच दिवसांत फ्यूचरमार्क आणि एनव्हिडियानं मिळून निवेदन काढलं आणि ‘चीटिंग’ हा शब्द मागे पडून त्याचं ‘ऑप्टिमायझेशन’ झालं. शब्दांची ही इस्त्री मला आजही हसवते.

२००४ मध्ये पुन्हा एटीआय. दूरची, तिरपी टेक्स्चरं नीट दिसावीत म्हणून करायचं काम, म्हणजे फिल्टरिंग, नीट होतंय का हे तपासायला परीक्षक रंगीत पट्ट्यांचं टेक्स्चर वापरत. जर्मनीच्या कॉम्प्युटरबेसला आढळलं की पट्ट्या दिसल्या की ड्रायव्हर काम इमानदारीनं करतो आणि साध्या गेममध्ये सूट घेतो. शाळेत साहेब तपासणीला आले की तेवढ्या दिवशी खिचडीत दाळ जास्त, तसं. नजरेला फरक पडत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. असेलही. पण मग पट्ट्या ओळखून वागणूक का बदलायची?

२०१० मध्ये एएमडीनं ड्रायव्हरमधली फिल्टरिंगची मूळ सेटिंगच एक पायरी खाली आणली, तेव्हा जर्मन परीक्षकांनी ती हातानं वर करून आपल्या चाचण्या घेतल्या.

तेव्हा ‘कधीच करत नाही’ हे खोडा. दोघांनीही पाणी मारलेलं आहे.

“सगळे रिव्ह्यूवाले विकत घेतलेले.”

वर जेवढ्या चोऱ्या सांगितल्या त्या पकडल्या कोणी? पोलिसांनी? ग्राहक मंचानं? रिव्ह्यूवाल्यांनीच. त्यांनाच हाकला म्हणणारा हा मेसेज म्हणजे पीक राखायला ठेवलेलं कुत्रं रात्री भुंकतं म्हणून विकून टाकण्यासारखं.

दबाव येतो, हे मात्र खरं. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हार्डवेअर अनबॉक्स्ड या चॅनेलला एनव्हिडियानं कळवलं की तुम्ही रे ट्रेसिंगला, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याच्या तंत्राला, पुरेसं महत्त्व देत नाही, तुम्हाला आमची कार्डं चाचणीसाठी पाठवणार नाही. चॅनेलनं ते पत्र जाहीर केलं, बाकीचे परीक्षक उखडले आणि दोन-तीन दिवसांत कंपनीनं माघार घेतली. सगळेच विकलेले असते तर धमकी द्यायची गरज काय होती?

परीक्षक चुकतातही. सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आलं, ४ जीबीचं म्हणून. रिव्ह्यूंमध्ये कौतुकच कौतुक. जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं की त्यातली ३.५ जीबीच वेगवान, उरलेली अर्धी मंद, आणि कंपनीनं परीक्षकांना दिलेल्या माहितीतले काही आकडेही चुकीचे. याबद्दल आधी कुरकुरले ते साधे वापरणारे. पुढे अमेरिकेत दावा झाला आणि तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर द्यायचं ठरलं. या प्रकरणात परीक्षकांनी कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवला, ही त्यांची चूक. पैसे खाल्ले असं म्हणायला त्यात काही नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. रिव्ह्यूमधली खोली २०-२२ अंशांची असते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो आणि माझ्या दुकानात कूलर चालू असूनही ३५-३६ असतातच. खोली जितकी तापते, कार्डही जवळपास तितकंच वर चढतं. तिकडे ६८ अंशांवर निवांत चालणारं कार्ड आमच्याकडे ८० ओलांडतं, क्लॉक म्हणजे कामाचा वेग उतरवतं, आणि रिव्ह्यूतला आकडा दुपारी दोन वाजता कुठं सापडत नाही. त्यात जिनिंगच्या दिवसांत रुई उडते. पंख्याच्या पात्यांवर तिची गादी बसते. असं कार्ड मी ब्लोअर मारून परत लावलं की गिऱ्हाईक म्हणतं, “नवं टाकलं का हो भाऊ?” हा कल कोणी विकत घेतलेला नाही. परीक्षक जिथं राहतो तिथला आहे, आणि तो ओळखून आकडा वाचावा लागतो.

“रेडिऑनचे रंगच अस्सल.”

हे मी स्वतः बरीच वर्षं खरं मानत होतो. मग एकदा एका गिऱ्हाइकाकडे दिवाणखान्यातला टीव्हीच मॉनिटर म्हणून जोडलेला पाहिला. जीफोर्स कार्ड, एचडीएमआय वायर. गेममधली अंधारी गुहा चुलीतल्या राखेच्या रंगाची दिसत होती. भाऊ म्हणे, “एनव्हिडियाचा कलरच फिका राह्यते.” एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडलं, ‘चेंज रिझोल्यूशन’मध्ये खाली गेलो. ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ लिमिटेडवर होती, ती फुल केली. गुहा एका क्षणात काळीकुट्ट. टीव्हीच्या पद्धतीत काळा रंग १६ पासून आणि पांढरा २३५ पर्यंत असतो, कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० ते २५५. टीव्ही दिसला की कार्ड पुष्कळदा पहिली पद्धत धरतं, आणि टीव्हीची सेटिंग दुसरी असेल तर सगळं धुतल्यासारखं दिसतं. दोन्हीकडे एकच पद्धत हवी. रंगाचा झगडा एवढाच; दोन्ही कार्डं नीट लावली तर गेममधला लाल लालच दिसतो.

एक जागा मात्र आहे जिथं दोघांत खरा फरक पडत आला आहे: व्हिडिओ एक्सपोर्ट. वरातीत अंधार, त्यात डीजेचे लाइट गरागरा फिरतात, वर गुलालाचा धूर. असल्या शॉटमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला वापरायचा डेटा, कमी ठेवला की एचडॉट२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात रेडिऑनच्या एन्कोडरनं, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागानं, नवरदेवाच्या चेहऱ्यावर चौकोनी ठिपके जास्त पाडले, हा माझा अनुभव. २०१८ नंतरच्या बहुतेक जीफोर्सचा एन्कोडर तिथं पुढे राहिला. आणि प्रोसेसरवर सावकाश केलेलं एक्सपोर्ट दोघांच्या वरचढ, पण नवरीच्या मामाला सीडी उद्याच हवी असते. (हो, आमच्याकडे अजून सीडीच म्हणतात, देतो पेनड्राइव्ह.)

“डीएलएसएस म्हणजे निव्वळ फसवणूक.”

चित्र लहान आकारात काढायचं आणि हुशारीनं मोठं करायचं, हे एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं काम. २०१८ मधली पहिली आवृत्ती धूसर होती, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती खरंच सुधारली. पण आकार पाहा. फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या, पडद्यावर ‘परफॉर्मन्स’ सेटिंग लावली तरी आतलं चित्र १०८०पीचं, म्हणजे १९२० बाय १०८० असतं. मोठं करायला माल भरपूर. आपल्याकडे बहुतेकांचा पडदा मुळात १०८०पीचा. तिथं ‘क्वालिटी’ लावली तरी आतलं चित्र १२८० बाय ७२०, म्हणजे निम्म्याहूनही कमी ठिपके. फोरकेवर पाहून “फरकच दिसत नाही” म्हणणारा परीक्षक खोटं बोलत नसतो, आणि तुमच्या टेबलावर पऱ्हाटीची काडी न् काडी लुकलुकते हेही खरंच असतं.

फसवणूक झाली ती जाहिरातीत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंगनी मंचावरून सांगितलं, ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० ची कामगिरी देईल. त्या आकड्यात मधली चित्रं कार्डानं स्वतः रचलेली होती. रचलेलं चित्र डोळ्याला गुळगुळीत वाटतं, पण तुम्ही माउस दाबला हे त्याला ठाऊक नसतं; हाताला वेग मूळ चित्रांचाच लागतो. मार्चमध्ये परीक्षकांनी रचलेली चित्रं बाजूला काढून मोजलं, तेव्हा ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे, त्याच जुन्या पिढीतल्या ४०७० सुपरच्या आसपास निघालं. पुन्हा तेच ‘विकलेले’ लोक.

“डोळे झाकून जास्त जीबीचं कार्ड घ्या.”

खिसा कापणारं वाक्य हे आहे. मेमरी कमी पडली तर त्रास होतो, मान्य. ८ जीबीच्या कार्डावर ‘हॉगवर्ट्स लेगसी’मध्ये एफपीएस बरा दिसतो आणि भिंतींवरची टेक्स्चरं मातीच्या गोळ्यासारखी राहतात, हेही लोकांनी दाखवलंय. पण नुसत्या जीबीवर गेलात तर जीटी ७३० गळ्यात पडतं. ४ जीबी लिहिलेलं, २०१४ चं कार्ड, अजूनही बाजारात मिळतं. त्याच्या एका डीडीआर३ प्रकारात मेमरीचा रस्ता ६४ बिटचा, सेकंदाला १४.४ जीबी. तेवढ्याच ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० च्या मूळ प्रकारात सेकंदाला १२८ जीबी. टाकी तेवढीच, पण एकीला अर्ध्या इंचाची तोटी आणि दुसरीला बोअरचा पाइप. जुन्या मालात ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ही येतं, ५८० च्या नावाखाली ते मुळात ५७० आहे. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

नेरकडच्या पोरानं हे सगळं ऐकलं आणि खिशातून चिठ्ठी काढली. नागपूरला सीताबर्डीत कोणीतरी त्याला भाव लिहून दिला होता. वर मॉडेलचं नाव नव्हतं, फक्त ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी’ एवढंच. “फोन करून पूर्ण नाव इचार,” म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, जीटी ७३०.