आठ पाय आणि एक चिमटा

बायॉस म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. त्याचं अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, हे प्रत्येक मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. लाइटीने ती वाचलेली नसते.

माझ्या डेस्कटॉपचं अपडेट ६२ टक्क्यांवर असताना ती गेली. परत आली तेव्हा पंखा गरगरत होता, स्क्रीन मात्र काळाठिक्कर. दुरुस्तीवाला म्हणाला, "बोर्ड गेला, साहेब. नवीनच टाका."

मी कसला ऐकतोय! बोर्ड ठणठणीत होता. ८ पायांच्या एका चिपमधला ८ एमबीचा मजकूर तेवढा अर्धवट राहिला होता. तो पुन्हा भरायला फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि सीएच३४१ए हा प्रोग्रामर, म्हणजे चिपवर मजकूर लिहिणारी छोटी काळी पट्टी, पुण्याच्या बुधवार पेठेत, पसोड्या विठोबाच्या आसपास, चिपला पकडणाऱ्या चिमट्यासकट स्वस्तात मिळाला.

स्वस्त का, ते मल्टिमीटरने सांगितलं. चिपला सोसतात ३.३ व्होल्ट. ही काळी पट्टी चिपला वीज ३.३चीच देते, पण डेटाच्या तारांवर ५ सोडते. म्हणजे मधुमेही पाहुण्याला चहा बिनसाखरेचा द्यायचा आणि सोबत जिलबी वाढायची. डाग देऊन, एक वायर फिरवून तेही निस्तरलं.

मग चिमटा. चिपवर ठिपका असतो तो पाय क्रमांक १, तिथे लाल वायर. हा ठिपका टॉर्च, भिंग आणि वाकडी मान एकत्र आल्यावरच दर्शन देतो. चिमटा लावला, कमांड दिली. फ्लॅशरॉम म्हणालं, चिप सापडली नाही. पुन्हा लावला. नाही. अकराव्या खेपेला सापडली: विनबाँड २५क्यू६४! मी आनंदाने उठलो, टेबल हललं, चिमटा निसटला.

"हे काय वाळत घातलंयस?" दारातून आई.

त्यावरून सुचलं. दोरीवरचा एक चिमटा आणून केबल कॅबिनेटच्या कडेला जखडली. आधी जुना मजकूर दोनदा वाचून ताडून पाहायचा असतो. माझ्या दोन प्रतींचं एकमेकींशी पटेना. पुन्हा चिमटा, पुन्हा वाचन. जुळलं एकदाचं. मग नवी फाइल: पुसणं, लिहिणं, तपासणं. त्या काही मिनिटांत मी घरातला पंखासुद्धा बंद ठेवला होता. त्याचा चिपशी काय संबंध, ते विचारू नका.

व्हेरिफाइड!

"आई, झाला बघ सुरू!"

"बरं झालं. आता माझा चिमटा दे. तुझं बनियन खालच्या काकूंच्या तुळशीवर जाऊन पडलंय."